किती वेळा

“किती वेळा, तेवढं लिहा ना काकू,” ती शिकवणारी पोरगी पुन्हा म्हणाली, आणि मी कीबोर्डवर बोटं ठेवून ढिम्म बसून राहिले.

टायपिंगमध्ये माझा जन्म गेला. समोर आलेला कागद वाचायचासुद्धा नाही, नुसता उतरवायचा. कुणाची बढती, कुणाची हकालपट्टी, साहेबांचे वडील गेल्याची सूचना, सगळं या बोटांखालून गेलं आणि बोटं कधी अडखळली नाहीत. पण आता ऑफिसला टायपिस्ट नकोत. मशीनला काम सांगणारी माणसं हवीत म्हणे. शिका, परीक्षा द्या, नाहीतर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आमचं गोदाम आहे, तिथं जा.

गोदामाचं मला काही वाटलं नसतं. धूळ काय, इथंही खातेच आहे. पण माझं घर ऑफिसच्या मागच्याच गल्लीत, आणि घरात आमचे हे अंथरुणाला खिळलेले. अर्धांगवायू. एका कुशीवर फार वेळ ठेवू नका, पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलंय. शेजारीण बिचारी पाणी पाजते, पण ह्यांना हलवणं तिच्या आवाक्यातलं नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी धावत सुटते, कूस बदलते, पाठीला पावडर लावते आणि तोंडातला घास तोंडात घेऊनच परत येते. गोदामात गेले की ती दुपारची फेरी गेलीच. मग संध्याकाळपर्यंत ह्यांनी तसंच पडून राहायचं. परीक्षेची मला धास्ती होती, ती यासाठी.

शिकवणीच्या सुरुवातीलाच पोरीनं सांगितलं होतं, पडद्यावर ‘नमस्कार’ हा शब्द शंभर वेळा आणा. बाकीचे डोकं खाजवत बसले. मी म्हटलं, हे तर आपलंच काम. खाडखाड शंभर ओळी टाइप करून मोकळी झाले. शेजारच्या हिशेबनिसाचा चहा अजून निवलाही नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी मात्र हळूच म्हणाली, “काकू, आपण करायचं नाही. त्याच्याकडून करून घ्यायचं.” जन्मात कुणाकडून काही करून घेता आलं असतं तर आणखी काय हवं होतं मला!

लूप म्हणजे, तिनं समजावलं, काम एकदाच लिहायचं आणि किती वेळा करायचं ते सांगायचं. मशीन तेवढ्या वेळा ते करतं आणि थांबतं. तिनं कप सांगितले, खुर्च्या सांगितल्या, जिन्याच्या पायऱ्या सांगितल्या. सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. आज परीक्षेला मी कोऱ्या पडद्यासमोर घाम पुसत बसलेली तिला बघवेना. जवळ येऊन म्हणाली, घरी तुम्ही रोज पुन्हा पुन्हा काय करता, तेच लिहा. नीट चाललं की तुम्ही पास.

आणि मेलं ते लख्ख कळलं की मला. डावी कूस, पावडर, उजवी कूस, पावडर. तिनं शिकवलं तसं, एकही चूक न करता लिहून काढलं. आकड्याची जागा तेवढी रिकामी राहिली.

“नाही लिहिला तर?” मी विचारलं.

“मग ते थांबतच नाही. मशीन अडकून बसतं. तसं मला पास नाही करता येणार.”

“नकोच थांबू दे,” मी म्हटलं.

तिला वाटलं मी थट्टा करतेय. ती हसली. हिशेबनीस माझ्या घरचं सगळं जाणून आहे. तो खाकरला, उठला आणि तिला बाजूला घेऊन काहीतरी बोलला. पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. परत येऊन माझ्या खुर्चीशी वाकून म्हणाली, “कितीही टाका, काकू. नुसता आकडा आहे तो. मी बघणारसुद्धा नाही.”

नुसता आकडा. आधी लहान टाकला. इतकाच? खोडला. मोठा टाकला. मग ह्यांचे हाल डोळ्यांसमोर आले, रात्रीचं कण्हणं कानात आलं, तोही खोडला. टाइप केलेलं खोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती, ती मी आज नुसती खोडतच होते. जेवणाची सुट्टी जवळ आली. शेवटी डोळे मिटून एक आकडा टाकला आणि बटण दाबलं.

डोळे उघडले तर सगळं होऊन गेलेलं. डावी, उजवी, डावी, उजवी, पडदा भरून ओळीच ओळी आणि तळाला सगळं थांबलेलं. ह्यांच्या उरलेल्या सगळ्या दुपारी त्या मशीननं एका श्वासात उरकल्या होत्या. पोरगी म्हणाली, पास. हिशेबनिसानं पेढे मागितले. जेवणाची सुट्टी झाली होती, मी घराकडे धावत सुटले.

घरी जाऊन ह्यांना सांगितलं. अर्ध्या तोंडानं का होईना, हसले. लेथवर उभं आयुष्य काढलेला माणूस, मशीनचं काही निघालं की अजून कान टवकारतात. काय लिहिलंस, विचारलं. मी ह्यांना कुशीवर वळवता वळवता सांगून टाकलं. सांगायला नको होतं, पण दुसरं आहे कोण मला सांगायला?

“थांबतं कधी?” ह्यांनी विचारलं. शब्द तुटक येतात, पण मला कळतात.

“नाही थांबत. चालूच राहतं.”

“मग पास कशी झालीस?”

ह्या माणसाला मशीनच्या बाबतीत कोण फसवणार? मी पावडरचा डबा उघडला.

“किती टाकलास?”

मी कानाशी वाकून आकडा सांगितला. ह्यांनी नजर भिंतीकडे वळवली.

“जास्त टाकलास गं,” हे म्हणाले.

मी पाठीशी उशी लावली, हात धुतले आणि ऑफिसला गेले.