पेटीवरचं हिरवं पाकीट

...पाकीट हिरवंच होतं, नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे सगळेच त्यावर शकुनाचं ठेवतात तसं; पण पेई-यिंगची नजर अडकली ती त्यावरच्या तारखेत. पुढच्या वर्षीचा मार्च. चाचणीच्या पहिल्या दिवशी तिने स्वतः या पेटीवर ठेवलेल्या पाकिटाची मुदत नोव्हेंबरपर्यंत होती — आणि अजून सप्टेंबरही सरला नव्हता. मुदतीआधी पाकीट बदलतात ते यंत्र वाह्यातपणा करू लागलं तरच.

डायलिसिसच्या बारा खाटा, घरून आणलेल्या बारा रजया, प्रत्येक रजईखाली सुईपाशी तिने बनवलेली एकेक चकती. रक्ताची ओल लागली की टेबलावरची ही पेटी वाजणार. परिचारिकांनी भरलेला तीन महिन्यांच्या नोंदींचा कागद तिच्या हातात होता. खोटे इशारे : शून्य. खाली विभागाच्या परिचारिका शू-लान ताईंची सही होऊन गेली होती. उरली होती तिची. तीन वाजता गुंतवणूकदार येणार, भागीदार च्या-हाओचा तिसरा निरोप — झाली का सही? — आणि ती झाली नाही तर उद्यापासून कंपनीच नाही...

शून्य. मोजमापात निव्वळ शून्य आलं की आधी मोजपट्टी तपासायची, हे प्रयोगशाळेत मीच इतरांना सांगायचे, तिच्या मनात आलं. आणि स्वतःचं शून्य मात्र बारा आठवडे कौतुकाने बघत राहिले.

तिने पाकीट उचललं. खाली पेटीच्या आवाजाच्या छिद्रांवर पांढरी चिकटपट्टी, सरळ कापलेली, सोडवायला सोपी जावी म्हणून एक कोपरा दुमडलेला. असा कोपरा परिचारिकाच दुमडतात.

"ताई, ही पट्टी कधीपासून?"

शू-लान ताई काओ आजोबांची रजई सारखी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "घाम आला तरी वाजतं गं. आजोबा दचकून हात ओढतात, सुई निघायची उलट."

"लिहायला हवं होतं."

"लिहिलं असतं, तर आज सही करायला आली असतीस तू?"

"कर गं पोरी सही," काओ आजोबा डोळे मिटूनच म्हणाले. "आधी माझ्या सुनेसारखं ओरडायचं. आता कसं गुणी झालंय."

ताई हसल्या. याच ताई... चार वर्षांपूर्वी पेई-यिंग इथे नुसती वही घेऊन उभी असायची, काय कमी पडतंय ते टिपत, आणि त्या सकाळी लिन काकूंच्या निळ्या रजईखाली सुई सरकली ती कुणाला दिसली नाही. दिसला तो फरशीवर ताईंच्या बुटाचा लाल ठसा, मग दुसरा, आणि मग ताईंनी वळून पाहिलं. लिन काकू गेल्या. बूट धुता धुता ताई तिला म्हणाल्या होत्या, मला आधी कळेल असं काहीतरी कर.

त्याच हातांनी ही पट्टी. तिच्यासाठी — मायेने.

फोन पुन्हा थरथरला. तिने पेनाचं टोपण काढलं. विभाग शांत होता, तीन महिने होता तसाच, आणि ती शांतता तिला आज पहिल्यांदा ऐकू येत होती. नजर कागदावर ठरेना. ती एकेका रजईवरून सरकत गेली, मग खाली, एकेका खाटेच्या पायाशी, फरशीवर...