खिडकीच्या गाण्याचं शेवटचं कडवं

जत्रेत स्टुलावर उभी राहून गाणी म्हणते आणि छापलेले कागद विकते, ती मी ज्युडिथ. चावट गाण्यांत माझा हात धरणारं कुणी नाही. शेवटचं कडवं मात्र मी गात नाही. ज्याला हवं त्याने कागद घ्यावा.

त्या शनिवारी गाणं नवंकोरं होतं. गिरणीवाल्याचा बार्नबी मला गुत्त्यात सांगून गेला होता, की गुरुवारी संध्याकाळी तो दुधाच्या कोठीच्या खिडकीतून तिथे कामाला असलेल्या थॉमसिनकडे गेला आणि बाहेर पडला तो थेट पहाटे. सगळं उभ्याउभ्याच सांगत होता. मला वाटलं, गडी रंगात आलाय. माझ्या नवऱ्याने लगेच छापून टाकलं.

तिसऱ्या कडव्यावर आले, तर समोर थॉमसिनच! शेजारी तिचा हम्फ्री. त्यांच्या लग्नाची चर्चमधली शेवटची पुकार दुसऱ्याच दिवशी होती. तिथे कुणी हरकत घेतली की लग्न बोंबललं. हम्फ्रीचं तोंड उतरलं.

"काय गं थॉमसिन, खिडकी लावली नव्हतीस?" गर्दीतून कुणी ओरडलं.

"सताड उघडी होती," ती म्हणाली. "गा ज्युडिथमावशी, थांबू नका. शेवटचं कडवं उद्या चर्चमध्ये ऐकवते."

पोरगी मला तिथेच आवडली.

रविवारी पाद्रीबाबांनी पुकारलं, "या लग्नाला कुणाची हरकत असेल, तर त्याने उभं राहावं."

सगळे बाकांवर बसलेले. मागे एकटा बार्नबी उभा. हम्फ्री पांढराफटक पडला.

"बोल बार्नबी, काय हरकत आहे?"

"हरकत? छे, काही नाही."

"मग खाली बस."

"बसता येत नाही, पाद्रीबाबा."

"का रे?"

थॉमसिन उठली. "मी सांगते. हा खिडकीत कमरेला अडकला. तोंड कोठीत, बाकीचा अंगणात. आणि अंगणात मालकिणीचा चावरा हंस मोकळा! मी आपली वर जाऊन झोपले. पहाटे बाहेर पडला म्हणतो, ते मात्र खरंय."

"साफ खोटं!" बार्नबी ओरडला.

"मग बस की राजा."

बार्नबी इरेला पेटून बसला, आणि असा बोंबलत उठला की पाद्रीबाबांनी पुस्तकाआड तोंड लपवलं. सगळ्यांच्या आधी हसला तो हम्फ्री.

तेवढं एक गाणं मी आता शेवटपर्यंत गाते.