टपालाच्या नावेचा वेग

जुना संगणक बंद पडला तेव्हा मिस्त्रींना फारसं वाईट वाटलं नाही. वस्तू आहे, कधीतरी थकायचीच. पण त्यात बायकोचा गेम होता, आणि बायको जाऊन सात महिने झाले होते.

मिस्त्री शिलाई मशिनं दुरुस्त करत. मागच्या खोलीत ते मशिनचं पोट उघडून बसत, आणि पुढच्या खोलीत ती कामं आटोपून गेम खेळायची. बेटाबेटांवर पत्रं पोचवणारी एक नाव, एवढंच त्यांना ठाऊक. नावेच्या इंजिनाची टुकटुक भिंतीतून ऐकू यायची. मग दाराची घंटा वाजायची आणि ती हसायची. रोज, तिथेच.

"अहो, या ना, बघा तरी!"

"आलोच," ते म्हणायचे, आणि हातातला स्क्रू काही संपायचा नाही.

आता त्यांना एवढंच बघायचं होतं, की ती हसायची कशाला?

लेकीने जुन्या डिस्कमधून गेम काढून नव्या संगणकात टाकला. नव्याने सरळ हात वर केले. हा प्रोग्राम इथे चालणार नाही, अशी पाटी झळकली.

"बाबा, याला हा गेम ओळखूच येत नाही. फार जुना आहे."

"मग ओळख करून दे."

"तेच करतेय. एक प्रोग्राम असतो, तो जुन्या संगणकाचं सोंग घेतो. गेमला वाटतं, आपण आपल्याच घरी आहोत. तुम्ही तेवढ्यात एक पेनड्राइव्ह आणा. याची प्रत जपून ठेवू."

मिस्त्री निघाले. चष्म्यासाठी परत आले. निघाले. किल्लीसाठी परत आले. तिसऱ्यांदा दार वाजलं तेव्हा लेक मान वर न करताच म्हणाली, "पिशवी खुंटीला आहे."

येऊन बघतात तर गेम चालू. पण कसला चालू! नाव या टोकाहून त्या टोकाला गोळीसारखी सुटत होती. टुकटुकीची शिट्टी झाली होती. एका बेटावर घराचं दार फडफडलं, काहीतरी चमकलं आणि खेळ खलास.

"हे असं का गं?"

"जुने गेम संगणकाच्या ठोक्यावर पावलं टाकतात. हा नवा कितीतरी पट जोरात ठोके देतो."

मिस्त्री पुढे सरसावले. "म्हणजे पायमशिनला कारखान्याची मोटर लावल्यासारखं! मी लावली होती तुझ्या आईच्या मशिनला. दोरा तुटला, कापड गोळा झालं, आणि आठवडाभर मला ऐकून घ्यावं लागलं. वेग कमी करायची सोय असेल ना?"

"आहे. पण किती ठेवायचा ते कुठेच लिहिलेलं नाही."

"लिहायला कशाला हवं?"

ते उठून मागच्या खोलीत गेले, आपल्या स्टुलावर बसले आणि दार लोटून घेतलं.

"कर कमी!" आतून आवाज आला. "अजून. अजून. आता गाळात रुतली, जरा वाढव. जरा म्हटलं मी! हां... हात काढ. हीच!"

ते बाहेर आले तेव्हा लेकीने आईचा शेवटचा खेळ उघडला होता. नाव टुकटुकत एका बेटाला लागली. घंटा वाजली. दार उघडून एक म्हातारा बाहेर आला, खिसे चाचपले, आत गेला. टोपी घालून आला. काठीसाठी पुन्हा आत गेला.

लेक खळखळून हसली. मिस्त्री पडद्याकडे बघत राहिले.

"रोज माझी चेष्टा चालली होती तर," ते म्हणाले.

"बाबा, पत्र दाराखाली सरकवून पुढे जायचं बटण आहे. उशीर झाला की गुण कापतात. हे बघा, बाकी सगळ्या बेटांवर आईचे गुण पुरे, या घरी शून्य. दर खेळात शून्य." तिने बटणावर बोट ठेवलं. "दाबू?"

मिस्त्रींनी स्टूल ओढून घेतलं.

"थांब गं. येतोय तो."