प्रोग्रामचं ‘आगू’

“बटण दाबलं की ‘ब्राउझर उघडला’ म्हणतो आणि उघडत काही नाही. तुझा प्रोग्राम खोटारडा आहे गं पोरी!” मामे फ्रेमा दारातच म्हणाल्या.

माम्पाँग गावाजवळच्या दवाखान्याच्या त्या मुख्य नर्स. जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांसाठी लसींची मागणी पाठवायचा प्रोग्राम पोकुआने लिहिला होता. त्याने ब्राउझर उघडायचा, त्यातल्या पानावर नर्सने ओळख पटवायची, की मागणी कुमासी शहरातल्या लसींच्या कोठारात पोचली. आज बारापर्यंत ती गेली नाही तर लसींची गाडी येणार नव्हती आणि उद्या आया लेकरं पाठीशी बांधून ताटकळल्या असत्या.

“आधी केंके खा.”

“काम झालं की खाते, मामे.”

पोकुआने मनात देवाचं नाव घेतलं आणि ती कॉम्प्युटरपुढे बसली. दोष लगेच सापडला. नेमून दिलेला ब्राउझर कुणीतरी काढून टाकला होता, यादीत नाव तेवढं राहिलं होतं. दुसरा होता, पण तो नेमायला जिल्ह्याच्या साहेबांचा पासवर्ड हवा आणि साहेब फोन उचलत नव्हते. प्रोग्राम ‘हा पत्ता उघड’ म्हणे, कॉम्प्युटर ‘बरं’ म्हणे, झालं!

तेवढ्यात ‘आत येऊ का?’ विचारणारी नेहमीची हाक दाराबाहेरून आली, “आगू!”

“आमे!” मामेंनी ओ दिली, तेव्हा कुठे एक बाई बाळाला घेऊन आत आली.

पोकुआचे हात थांबले. “मामे, तुम्ही ओ दिली नसती तर?”

“पुन्हा हाक मारली असती. नाहीतर मागच्या दाराशी गेली असती. न विचारता घुसायला ती काय बकरी आहे?”

“माझा प्रोग्राम बकरीच आहे,” पोकुआ हसली. “आगू म्हणतो आणि आमे ऐकायला थांबत नाही.”

मग तिची बोटं थांबली नाहीत. पान खरोखर उघडलं तर त्यानेच प्रोग्रामला उलट निरोप द्यायचा. दहा सेकंदांत निरोप नाही आला, तर प्रोग्रामने स्वतःच दुसऱ्या ब्राउझरचं दार ठोठावायचं; नुसती हाक मारायला साहेबांचा पासवर्ड लागत नव्हता. तिथेही सामसूम असेल, तर पानाचा पत्ता पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवून खरं काय ते सांगायचं.

साडेअकराला मामेंनी बटण दाबलं. काहीच नाही.

“बघ!”

“थांबा, मामे. तो ओ ऐकतोय.”

दहा सेकंद सरले आणि दुसरा ब्राउझर उघडला. मामेंनी ओळख पटवली आणि मागणी गेली.

“वळण लागलं म्हणायचं,” मामे म्हणाल्या आणि केंकेचं ताट पुढे सरकवलं. “बाकीच्या दवाखान्यांतल्या बकऱ्यांचं काय?”

“त्यांनाही आजच शिकवते,” पोकुआ हात धुवायला उठली.