कोहेन सोडून कुणीही

मेनाशे काट्झ आणि गितेल वाइनरेब यांचं लग्न जमलं असतं तर मला काय मिळणार होतं, ते आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढचं वाचताना माझ्याविषयी उगाच चांगलं मत व्हायला नको. दोन्ही घरांकडून मध्यस्थाचा हिस्सा मिळणार होता, तो सोडा. खरी कमाई म्हणजे काट्झांचा दरवाजा. अँटवर्पमध्ये हिऱ्यांचे व्यापारी पायलीचे पन्नास, पण काट्झ म्हणजे कोहेन, जेरुसलेमच्या मंदिरातल्या याजकांचे वंशज. मंदिर पडून एकोणीसशे वर्षं झाली, तरी सणाला आम्हा ज्यूंच्या सभास्थानात हात उभारून सगळ्यांना आशीर्वाद द्यायचा मान त्यांचाच. आणि लग्न कुणाशी करायचं याचे जादा नियमही त्यांनाच. त्या घरात एक सोयरीक जमवली की लंडनपर्यंतची कोहेन घरं म्हणणार, लाइबिशला बोलवा.

झेलिग वाइनरेबलाही फायदाच होता. तो हिऱ्यांना पैलू पाडणारा कारागीर, विधुर, एकुलत्या मुलीचा बाप. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये त्याच्या बायकोला, फ्रिमेतला, जर्मनांनी गाडीत घालून नेलं. ती परतली नाही. झेलिग खेड्यात कुठेतरी लपून वाचला आणि सत्तेचाळीस साली पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून आमच्या गल्लीत परत आला. मुलगी पाचाची दिसत नव्हती, फार तर तिनाची. पण युद्धातली पोरं सगळीच खुरटलेली. शिवाय तेव्हा आमच्याकडे मूल दिसलं की बायका नुसत्या रडायच्या, दात कोण मोजणार?

त्रेसष्टच्या वसंतात मी त्याच्या घरी गेलो. त्याने ग्लासात चहा ओतला.

"गितेलसाठी स्थळ आणलंय," मी म्हणालो.

"आण की. कोहेन सोडून कुणीही."

"का रे बाबा, कोहेनांना शिंगं असतात?"

"नको म्हटलं ना."

"लोक कोहेन जावई मिळावा म्हणून माझे उंबरे झिजवतात!"

"मग दे त्यांना. साखर घे."

या धंद्यात मी तीस वर्षं काढलीत. बाप 'अमुक नको' म्हणाला की मी त्याचा अर्थ लावतो, अमुक परवडत नाही. झेलिगला वाटत असणार, काट्झ मोठं घर मागतील, फर्निचर मागतील. ते मी बघून घेतो, असं मनात म्हणून मी मेनाशेला गितेलला भेटायची वेळ दिली. भेट प्राणिसंग्रहालयात. आमच्या गल्ल्यांपासून पाच मिनिटांवर आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणजे कुणी नावं ठेवायला नको, आणि बोलायला काही सुचलं नाही तर माकडं आहेतच.

मी दूर बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो, म्हणजे वाचत नव्हतो. मेनाशे लाजाळू पोरगा. सीलच्या तळ्यापाशी त्याची टोपी वाऱ्याने पाण्यात गेली. एका सीलने ती नाकावर घेतली, आणि मेनाशे त्या सीलला गंभीरपणे म्हणाला, "साहेब, शनिवारच्या शब्बाथआधी परत करा, मला एकच आहे." गितेल इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला.

दुसऱ्या आठवड्यात झेलिग आपणहून माझ्याकडे आला. उभाच राहिला.

"ती घरात गाणं म्हणते, लाइबिश. भांडी घासताना."

"मग? काट्झ?"

तो दाराकडे वळला. "कर काय करायचं ते," म्हणाला आणि गेला. मी ते होकाराच्या रकान्यात टाकलं.

राहता राहिली मेनाशेची आई. ब्लुमाबाई नियमाच्या पक्क्या. "मुलगी गोड आहे," त्या म्हणाल्या, "पण आईकडचं काहीच कळत नाही हो, रेब लाइबिश. आमच्यात आईवरूनच सगळं ठरतं. कोण होती ही फ्रिमेत?" रेब म्हणजे आमच्याकडचं 'राव'.

इथे मी माझी हुशारी चालवली. फ्रिमेतचे आजोबा पोलंडमधल्या टार्नुवचे मोठे विद्वान, असं मी ऐकून होतो. तिची धाकटी बहीण दोबा लंडनमध्ये असल्याचंही ठाऊक होतं. मध्यस्थाच्या शब्दाला बाजारात काय भाव असतो ते मला माहीत. म्हणून मी दोबाला पत्र टाकलं, की तुमच्या भाचीचं लग्न ठरतंय, घराण्याची चार ओळींत माहिती द्या, आणि उत्तर मला नको, सरळ ब्लुमा काट्झांच्या पत्त्यावर धाडा. झेलिगला मी विचारलं नाही. त्याला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

उत्तर बारा दिवसांनी आलं. दोबाने लिहिलं होतं, माझ्या बहिणीला मूल नव्हतं. सोबत रेडक्रॉसच्या युद्धातल्या फॉर्मची नक्कल, ज्यावर पंचवीस शब्दच लिहू देत. तारीख जुलै बेचाळीस. त्यात फ्रिमेतचं वाक्य होतं: "मूल नाही, तेच बरं, हे दिवस मुलांचे नव्हेत." आणि झेलिग सांगायचा, गितेलचा जन्म बेचाळीसच्या मार्चचा.

ब्लुमाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी गल्लीत अवाक्षर काढलं नाही. कागद घेऊन सरळ आमचे धर्मगुरू रब्बी एल्याकिम यांच्याकडे गेल्या. गुरुवारी दुपारी रब्बींनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला ब्लुमाबाई आणि मेनाशे, दुसऱ्या बाजूला झेलिग आणि गितेल, टोकाला मी.

रब्बींनी फॉर्म चष्म्याजवळ धरला, मग बाजूला ठेवला.

"हा कागद आहे. कागद माझ्यासमोर साक्ष देत नाही. असल्या कागदावर मी स्वयंपाकाचं एक भांडंसुद्धा विटाळलेलं ठरवणार नाही. सोळा वर्षं ही मुलगी आमच्यात आमची म्हणून वाढली. बापाचा शब्द मला पुरे आहे. रेब झेलिग, एकच विचारतो. फ्रिमेतच्या पोटचीच ना?"

उत्तर त्यांनी प्रश्नातच घालून दिलं होतं. झेलिगने नुसती मान हलवायची होती. मी टेबलाखाली त्याचा पाय दाबला.

झेलिगने गितेलकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला.

ब्लुमाबाईंनी डोळे मिटले.

"गोदलीव नाव तिच्या आईचं. इथलीच, फ्लेमिश ख्रिस्ती. आमच्याकडे धुणंभांडी करायची. फ्रिमेतला नेलं तेव्हा मी कामावर होतो. गोदलीव गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, मला अडवायला. तिच्या आईच्या घरी माळ्यावर दोन वर्षं ठेवलं मला. कुणी चुगली केली असती तर तिघांना गोळी. पोर झाली तेव्हा चर्चबाहेर बायका तिच्या अंगावर थुंकल्या, बाप कोण ते सांगेना म्हणून. सांगितलं असतं तर मी मेलो असतो. त्याच हिवाळ्यात, शहर जर्मनांच्या हातून सुटल्यावर, पोरीसाठी दूध आणायला आली इथे, आणि उडता बाँब पडला."

"बाबा," गितेल म्हणाली, "आपण दर वर्षी आईची म्हणून मेणबत्ती लावतो ती?"

"फ्रिमेतची. गोदलीवच्या नावाची एकही लावली नाही मी. सोळा वर्षं ती नव्हतीच म्हणत आलो. आज इथे पण तेच म्हणू?"

रब्बी एल्याकिम उठून उभे राहिले. सत्तरीचे, गुडघे दुखणारे गृहस्थ. मोठा विद्वान खोलीत आला तर उठतात तसे उठले. आम्हीही उठलो.

"ती बाई स्वर्गात माझ्याआधी बसली असेल," ते म्हणाले. "परक्यांमधल्या भल्या माणसांना तिथे वाटा आहे, हे आमचंच शास्त्र सांगतं." मग हळूच म्हणाले, "पण मूल आईचं. तिच्याकडून ही आमची होत नाही."

झेलिगने खिशातून घडी घातलेला कागद काढला. ब्रुसेल्सच्या धर्मन्यायालयाचा. सत्तेचाळीस साली, गल्लीत पाऊल टाकण्याआधी, त्याने पोरीला तिथल्या तीन न्यायाधीशांसमोर विधीच्या पाण्यात बुडवून ज्यू करून घेतलं होतं. बारा वर्षांची झाली की तिला सांगायचं, असं त्यात लिहिलेलं; तेवढं त्याच्याच्याने झालं नव्हतं.

रब्बींनी तीन सह्या दोनदा वाचल्या. त्या सह्यांचा दुसरा अर्थ त्यांना आमच्याआधी कळला असावा.

"म्हणजे मी ज्यू आहे?" गितेलने विचारलं.

"माझ्याइतकी. आणि हिला जन्मावरून कुणी कधी टोचून बोलेल तर पाप त्याला. मनाई आहे."

"मग झालं तर!" मेनाशे म्हणाला.

"नाही झालं. धर्म घेतलेली मुलगी कोहेनला चालत नाही, मेनाशे. दुसऱ्या कुणालाही चालते. माझ्या नातवाला चालेल."

"मी काय केलं?" गितेल म्हणाली.

"काहीच नाही. तू काही केलं असतंस तर मी पळवाट काढली असती, पोरी."

मेनाशे लाल झाला. "नगरपालिकेत लावू लग्न. तिथे कोण कोहेन विचारतंय?"

"लाव," ब्लुमाबाई म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी सणाला हात वर करायचे आणि तू खाली बसून बघायचंस. तुझ्या मुलांनीही."

गितेलने कोटाची बटणं लावली. "नको, मेनाशे. तुझ्या मुलीलाही एक दिवस कुणीतरी याच खोलीत बोलावेल. मग ती मला विचारेल, मला आधी का नाही सांगितलं." बापाकडे तिने पाहिलं नाही, पण जाताना त्याचा हात धरला, कारण त्याला जिना दिसत नव्हता.

मी मागे राहिलो. रब्बी फॉर्मची घडी घालत होते. "रेब लाइबिश, विचारायला कुणी सांगितलं होतं? गल्लीने मानलं होतं. मी मानलं होतं. प्रश्न आला नसता तर उत्तर द्यावं लागलं नसतं."

"मला तिचं घराणं मोठं करायचं होतं."

"केलंत," ते म्हणाले.

जन्मावरून बोलायची मनाई गल्लीने फार मनापासून पाळली. गितेल दुकानात शिरली की बायका आधीच गप्प व्हायच्या. चुकून काही निघायला नको म्हणून तिच्याशी हवापाण्याचंही बोलेनाशा झाल्या. मी चार स्थळं नेली, एकही कोहेन नाही. चौघेही तयार होते, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. गितेल प्रत्येकाला विचारायची, "माझ्या आईचं नाव ठाऊक आहे?" एकाने फ्रिमेत सांगितलं, दोघे गोंधळले. चौथ्याने चांगुलपणाने सांगितलं, आपण तो विषय कधी काढायचा नाही. त्याला तिने खसखशीचा केक वाढला आणि निरोप दिला.

आता बेरीज. काट्झांना वर्षभरात दुसरी सून मिळाली, दुसऱ्या मध्यस्थाकडून. मेनाशेला तीन मुलगे झाले, तिघे कोहेन. टोपी मात्र तो आता हाताने धरून चालतो. दोबाने खरं लिहिलं, तिला पोस्टाच्या तिकिटाचा खर्च पडला. रब्बींची काही दिवसांची झोप गेली. माझा हिस्सा बुडाला आणि थोडं नाव. ते दोन हंगामांत भरून आलं. झेलिग पासष्ट साली गेला, त्याचं जे काय देणं होतं ते फिटलं असेल. गोदलीवने जिवंतपणीच भरलं होतं. गितेल अजून भरते आहे, आणि यातलं काहीही तिने घेतलेलं नव्हतं.