बोटाला लागणारं रान

मल्लिनाथचं पत्र येऊन तीन वर्षं झाली होती आणि चाँदपाशा मास्तरांनी त्याला दोन ओळींचंही उत्तर धाडलं नव्हतं. पत्र तोंडपाठ झालं होतं. सोलापुरात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या या जुन्या मित्रानं लिहिलं होतं, "हात थरथरतो. ब्रश धरवत नाही. माझ्या तेलरंगाच्या नळ्या तुला पाठवतो. हैदराबादला शिकताना आपण ठरवलेलं ते मोठं चित्र आता तूच कर. वैशाखातलं काळं रान, आंधळ्यानं हात फिरवला तरी कळावं असं. झालं की कसं केलंस ते कळव. वाट बघतो."

मास्तर लोहाऱ्याच्या शाळेत चित्रकला शिकवत. हैदराबादचं राज्य गेलं, शाळेची भाषा उर्दूची मराठी झाली, पण फळ्यावर आंबा काढायला भाषा लागत नाही, म्हणूनच आपली नोकरी टिकली असं ते मानत. स्वतःच्या हुन्नराचा त्यात काही वाटा असेल, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नाही.

नळ्या आल्या त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या दाराची सहा फुटी फळी अंगणात आडवी टाकली आणि बोटभर जाड रंग थापायला घेतला. दुसऱ्या संध्याकाळी नळ्या पिळून चपट्या झाल्या. फक्त निळ्या-पांढऱ्या नळ्यांत थोडं उरलं होतं. रान झालं होतं वीतभर. मित्रानं पोटाला चिमटा घेऊन जमवलेलं आपण दोन दिवसांत उधळलं, हे कुठल्या तोंडानं लिहायचं?

मग त्यांनी रंग बनवण्याचं एक पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं की करडीचं तेल पिवळं पडत नाही. मास्तर गुंडाप्पा तेल्याकडं बाटली घेऊन गेले.

"रंगात घालायचंय?" गुंडाप्पा म्हणाला. "मग जवस न्या की. गाडीच्या चाकाला आमी जवसच पाजतो."

"पुस्तकात करडी आहे," मास्तर हळूच म्हणाले.

"पुस्तकवाल्यानं भजी तळली असतील."

करडीच्या तेलात काजळी आणि खडूची पूड कालवून मास्तरांनी फळी भरली. महिना झाला, दोन झाले, थर ओलाच. वाऱ्यानं खळ्यावरचं भुसकट आणून चिकटवलं, माश्या रुतल्या. सगळं खरवडून त्यांनी फळी भिंतीला उलटी लावून ठेवली. दर दोन-चार महिन्यांनी सुलटी करायची, काही तरी थापायचं, ते तडकायचं, की परत उलटी. एकदा सोलापूरचा माणूस सांगून गेला की मल्लिनाथला आता पेलाही नीट धरता येत नाही. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत.

"पढ पढ के चिठ्ठी फट जाएगी," अजीजाबी, त्यांच्या बीबी, म्हणाल्या. "जवाब कब लिखोगे जी?"

"लिखूंगा."

ईद तोंडावर आली तेव्हा अजीजाबींनी भिंती लिंपायला धुरपदाबाईला बोलावलं. तिनं भिंतीपासची फळी हलवली, सुलटी केली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मास्तर, ही भिंत कुणी लिंपली?"

"भिंत नाही. चित्र आहे."

"असंल. पर लिंपणाऱ्याला अक्कल न्हाय."

अजीजाबी पदर तोंडाला लावून हसल्या. मास्तर खाली बघत म्हणाले, "मीच लिंपलं, बाई. काय चुकलं?"

धुरपदाबाई जरा वरमली, पण थांबली नाही. "बोटभर थर एकदम देत्यात व्हय? वरनं वाळतो, आत वला ऱ्हातो, मग फाटतो. गाऱ्यात भुसकट कुजवायचं, ते धरून ठेवतं. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग त्याच्या अंगावर दुसरा. आन् रंग? रंग वरनं. भिंतीच्या पोटात रंग कोण बघतंय?"

मास्तर तिच्याकडं बघतच राहिले. चार पुस्तकं वाचूनही हे त्यांना कळलं नव्हतं. जाडी गाऱ्याची द्यायची, रंग फक्त वरून!

"मग गाऱ्याला चिकटपणा कशाचा द्यावा?" त्यांनी विचारलं.

"आमचा भाऊ घोंगडीला चिंचोक्याची खळ लावतो. लई चिवट. पर किडं लागत्यात."

"मोरचूद टाकलं तर लागत नाहीत," मास्तर पटकन बोलून गेले. फाटकी पुस्तकं ते स्वतः बांधत. खळीत चिमूटभर मोरचूद टाकायची त्यांना सवय होती. आपल्यालाही एक गोष्ट ठाऊक आहे, याचं त्यांना नवल वाटलं.

फळीवर गोणपाट खळीनं चिकटवलं. खडूची पूड, खळ आणि बारीक कातरलेला ताग मळून पातळ थर दिले. एक वाळला की दुसरा. धुरपदाबाई येता-जाता बोट लावून बघायची आणि "अजून वलं हाय, दम धरा" म्हणून दटावायची. मास्तर शाळेतल्या पोरासारखे दम धरायचे. ढेकळं अंगठ्यानं उठवली, भेगा बाभळीच्या काट्यानं ओढल्या. शेवटी गुंडाप्पाचं उकळलेलं जवसाचं तेल, त्यात काजळी, गेरू आणि पिवळी माती. रंग लागला थोडाच. मल्लिनाथच्या उरल्या निळ्या-पांढऱ्यात आभाळाची पट्टी निघाली.

रंग दिल्याच्या दहाव्या दिवशी मास्तरांनी डोळे मिटून फळीवर हात फिरवला. ढेकूळ लागलं. भेग लागली. बोटं कोरडी निघाली.

त्या दुपारी त्यांनी उर्दूत पत्र लिहिलं. दोघं उर्दूतच शिकलेले. आधी नळ्या कशा उधळल्या ते कबूल केलं. मग सगळी कृती लिहिली, आणि धुरपदाबाईचं, तिच्या भावाचं, गुंडाप्पाचं नाव लिहिलं. "तू विश्वास टाकलास आणि या लोकांनी तो निभावला. माझं यात फार नाही," असं लिहून थांबले, शेवटचं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, "चित्र बरं झालं आहे. एसटीनं ये. हात थरथरला तरी चालेल, फक्त टेकवायचाय."

टपाल कचेरीत शिपाई पेटी रिकामी करत होता. मास्तर पाकीट हातात धरून घुटमळले.

"टाका की मास्तर," तो पिशवीचं तोंड उघडून म्हणाला. "सोलापूरची गाडी लागलीय."

मास्तरांनी पाकीट आत सोडलं, आणि गाडी वळणापार जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.