रुखवतातलं टोपडं

पाटी: साबुदाण्याचं तुळशीवृंदावन. मावशीकडून.

लीड्समधला एक भाड्याचा हॉल. मुलीकडचं रुखवत मुलाच्या मावशीनंच मांडलं होतं, कारण मुलीकडचे म्हणून ऑस्ट्रेलियातल्या होबार्टहून एकटे वडील आले होते. नवरीला, ऑर्लाला, सांगितलं होतं, एक तरी वस्तू तुझ्याकडची हवी.

तिनं आणली.

पाटी: ब्रिजेटचं टोपडं. ब्रिजेट माझी खापरपणजी. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये शाल चोरली. शिक्षा म्हणून बोटीनं टास्मानियाला. परत गेली नाही.

पांढरं, सुती, झालरीचं. बाईच्या डोक्याएवढं. तिकडे अशा बायकांची आठवण म्हणून कुणी कुणी टोपडं शिवतं आणि कडेला तिचं नाव भरतं. हे ऑर्लाच्या आईनं शिवलं होतं, शेवटच्या आजारपणात.

मालविकानं, मुलाच्या आईनं, पाटी वाचली. दारात पाहुणे कोट काढत होते. तिनं पाटी उचलून पर्समध्ये टाकली आणि नाव आत जाईल अशी टोपड्याची घडी घातली.

पाटी: नाही.

"हे काय गं मालविका?"

लीलावतीकाकू. कार्डिफहून आलेल्या, नात्यात सगळ्यांत मोठ्या. मिहीरचं लग्न ठरल्यावर आधी "गोरी का?" म्हणाल्या होत्या, मग सुनेसाठी पैठणी घेतली होती.

"टोपडं, काकू."

"ते दिसतंय. कुणाचं?"

चोर. हा एकच शब्द मालविकाच्या तोंडात होता.

"बाळाचं," ती म्हणाली. "त्यांच्यात ठेवतात."

"रुखवतातच? बरीच घाई दिसतेय!" काकू हसल्या. "आणि केवढं हे! डोकं थेट अजयवर गेलंय म्हणायचं."

मालविकाही हसली. नवऱ्याच्या डोक्यावरचा विनोद, हसायलाच हवं.

मंगलाष्टका. सावधान. तांदूळ. आणि तांदळासारखंच सगळीकडे उडालेलं ते बाळ.

सप्तपदी झाल्याबरोबर मावशीनं ऑर्लाला खुर्ची दिली. "बस गं. उभी राहू नकोस." कुणी तरी तिच्या वाटीतल्या पपईच्या फोडी वेचून काढल्या. ऑर्ला डॉक्टर. लोक तोंडाकडे न बघता पोटाकडे बघतायत हे तिला लगेच कळलं.

मिहीर आला.

"आई, सगळे काँग्रॅच्युलेशन्स का म्हणतायत? शी इज नॉट प्रेग्नंट. तू काय सांगितला काकूंना?"

मालविकानं सांगितलं.

तो आधी हसला. मग हसू मावळलं. "तिची मम नी शिवलाय तो, आई."

"माहितीये."

"मग?"

तीस वर्षं इथल्या हॉस्पिटलात भूल देताना हातकडीतले कैदीही तिच्यापुढे आले होते. प्रत्येकाला तिनं आधी नाव विचारलं होतं, गुन्हा कधीच नाही. त्याचा तिला अभिमान होता. आज नाव तिनं स्वतः घडीत दाबलं.

ऑर्लानं मागून सगळं ऐकलं होतं. ती टेबलापाशी गेली, घडी उलगडली, मुंडावळ्यांवरूनच टोपडं डोक्यात घातलं, हनुवटीखाली बंद बांधले. झालरीच्या कडेनं निळ्या दोऱ्यात: ब्रिजेट. कोपऱ्यातले तिचे वडील उभे राहिले.

"अगं बाई, हिनंच घातलं!" काकू म्हणाल्या.

पुढचा विधी सूनमुख. सासूनं सुनेला शेजारी घ्यायचं आणि आरशात तिचं तोंड बघायचं. मग साडी द्यायची.

फोटोग्राफर म्हणाला, हॅट काढू या का? कुणी काढली नाही.

ऑर्ला शेजारी बसली. आरसा मालविकाच्या हातात. त्यात घामेजलेलं गोरं कपाळ, मोत्यांच्या सरी, पांढरी झालर. डोळे रडलेले नव्हते. ते वाट बघत होते.

"आय कॅन टेल देम मायसेल्फ, आई," ऑर्ला हळूच म्हणाली. "पण खोटं तुम्ही बोललात."

मालविका आरशाशीच बोलली. समोरच्या माणसांपेक्षा ते सोपं होतं.

"ते बाळाचं नाही. मी खोटं बोलले. तिची खापरपणजी... चोरी केली म्हणून तिला बोटीवर घातलं. तिचं आहे ते. मला लाज वाटली."

"काय म्हणालीस?" काकू कानामागे हात धरून पुढे वाकल्या. "इकडे तोंड करून बोल. मोठ्यानं. मागे कुणालाच ऐकू आलं नाही."

मालविकानं आरसा खाली ठेवला. मान वळवली. आता पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात करायची होती.